शुक्रवारची चिठ्ठी तुम्ही भरू नका

दर शुक्रवारी आम्ही बालवाडीतल्या मुलांच्या दप्तरात एक कोरी चिठ्ठी घालतो. 'या आठवड्यात मला कोणी मदत केली' याचं चित्र मुलानं काढायचं आणि सोमवारी गोलात बसून सांगायचं, काम एवढंच. पण पालकांचे सगळ्यात जास्त प्रश्न याच चिठ्ठीबद्दल येतात आणि आमचा सोमवारही हीच खाते. म्हणून हे पत्रक.

मागे एका चार वर्षांच्या मुलीची चिठ्ठी आली. वळणदार अक्षर, कडेला स्टिकर: 'माझ्यावर माया करणाऱ्या आजी-आजोबांची मी ऋणी आहे.' म्हटलं, काय लिहिलंय गं? चिठ्ठी उलटी धरून ती म्हणाली, "आईला माहीत." मग नवा कागद, पुन्हा पहिल्यापासून. पाचेक मिनिटांनी एक लांब निळी रेघ उमटली आणि तिच्या टोकाला गुंतवळ. "काका. माझं पाणी सांडलं ना, ते त्यांनी पुसलं. आणि ओरडले नाहीत." रेघ म्हणजे फरशी पुसायचा दांडा होता. वीस जणांच्या वर्गात अशा सहा चिठ्ठ्या निघाल्या की गोष्टीचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

आईचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'ओरडले नाहीत' हे मुलीनं स्वतः हेरलं होतं, आणि आम्हाला नेमकं तेच हवं असतं. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगायला लागतं. कुणीतरी मुद्दाम, आपल्यासाठी काही केलं, हे कळल्यावरच आभार मानावेसे वाटतात. त्याआधीचं 'थँक यू' म्हणजे बटण दाबल्यावर वाजणारी घंटा. तेव्हा फाटकाशी मुलाचा दंड धरून "म्हण ना, म्हण!" करू नका, मागे रांग खोळंबते आणि मूल आणखीच मिटतं. त्यापेक्षा तुम्हीच ताईंना सांगा, "याच्या बुटाची नाडी बांधलीत, बरं झालं." मूल ऐकत असतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न, "अक्षरं कधी सुरू करणार?" ती याच चिठ्ठीत सुरू झालेली असतात. 'काका' म्हटलं की आम्ही टाळ्या वाजवून शब्द फोडतो: का, का, दोन टाळ्या. 'मदत'ला तीन. मग 'का'नं सुरू होणारं आणखी काय? कागद, कात्री, आणि एकदा 'कार्टं' (हे घरूनच आलं असणार). शब्दातले आवाज असे सुटे ऐकू यायला लागले की पुढे अक्षर शिकवणं सोपं जातं. कितीजणांनी मदत केली, हे मोजताना एका माणसाला एकच बोट, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण माणसं. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी मुलंही इथे अडखळतात.

आणि हो, खडू मोडलेले का देता? मुद्दाम मोडतो. अख्खा खडू मूल मुठीत धरतं; तुकडा मुठीत धरता येत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती मऊ कूर्चाच असतात आणि पुढे कित्येक वर्षं एकेक करून घट्ट होत जातात. अशा हाताला ओळींच्या वहीत जुंपायची आम्हाला घाई नाही. हा काही आमचाच हट्ट नाही. जर्मनीत फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञानं 1837 मध्ये बालवर्ग सुरू केला (किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव 1840 चं). तिथे मुलांच्या हाती आधी लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे आले. माँटेसरीबाईंनी 1907 मध्ये रोममध्ये छोट्या मुलांची शाळा काढली, तिथे अक्षरं होती खरखरीत कागदाची, बोट फिरवायला. पेन्सिल नंतर.

घरी करायचं ते थोडकंच. निवांत वेळी विचारा, "आज तुझं काम कोणी सोपं केलं?" आणि थांबा. मनात दहा आकडे मोजा. बहुतेक पालक तिसऱ्यालाच उत्तर सुचवतात. काहीच आलं नाही तर आपलं सांगा, मला आज अमक्यानं मदत केली म्हणून. चित्र झालं की मूल बोलेल तेच, तसंच, त्याच्या डोळ्यांदेखत खाली लिहा. 'पुसलं'च्या जागी 'पुशलं' म्हणालं तर 'पुशलं'च. आपलं बोलणं कागदावर उतरताना त्याला दिसू दे. कंटाळलं असेल तर कोरी चिठ्ठी पाठवा, आम्ही रागावत नाही.

बाजारात छापील आभार-वह्या मिळतात, दिसायला देखण्या असतात. आम्ही वर्षअखेरीस प्रत्येकाच्या चिठ्ठ्या शिवून पुस्तक करून देतो. ते पाहायचं असेल तर ऑफिसात मागच्या वर्षीचा एक नमुना ठेवलाय. महिन्याच्या पहिल्या शनिवारी वर्ग पाहायला खुला असतो, धाकट्या भावंडालाही आणा. पुढच्या वर्षासाठीही प्रत्येक वर्गात वीसच मुलं घेणार आहोत, त्यामुळे अर्ज जरा लवकर न्यावा.

चिठ्ठी हरवली तर कुठलाही कोरा कागद चालेल. खडूचा तुकडा दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे.