मँचेस्टर : ग्रंथवारसा आणि साहित्यसोहळे

मँचेस्टर म्हटले की मराठी माणसाला कापड आठवते. इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतात ते त्यामुळेच. उत्तर इंग्लंडमधल्या या शहराला २०१७ मध्ये युनेस्कोने ‘साहित्यनगरी’ हा दर्जा दिला. या दोन ओळखी एकमेकींपासून फारशा दूर नाहीत, कारण इथली नावाजलेली ग्रंथालये बरीचशी कापडाच्या पैशावर उभी राहिली.

त्यांत सर्वांत जुने चेटम ग्रंथालय. हम्फ्री चेटम हा कापडाचा व्यापारी. १६५३ मध्ये तो वारला आणि त्याच्या मृत्युपत्रानुसार हे ग्रंथालय सुरू झाले. इमारत त्याहून जुनी, १४२१ मध्ये धर्मगुरूंच्या निवासासाठी बांधलेली. इंग्रजीभाषक जगातले हे सर्वांत जुने सार्वजनिक ग्रंथालय मानले जाते. सुरुवातीला इथली पुस्तके साखळदंडाने कपाटांना जखडलेली असत. पुढे साखळ्या गेल्या, तर कपाटांच्या रांगांना लाकडी फाटके बसली. १८४५ च्या उन्हाळ्यात कार्ल मार्क्स आणि फ्रीडरिख एंगल्स वाचनकक्षातल्या खिडकीलगतच्या चौकोनी मेजाशी बसून अर्थशास्त्राची पुस्तके वाचत. बाहेर पाऊस असला तरी त्या खिडकीच्या रंगीत काचांमुळे आत नेहमी छान हवा वाटते, असे एंगल्सने पंचवीसेक वर्षांनी मार्क्सला कळवले होते. मँचेस्टरचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला यातली गंमत कळेल.

पोर्टिको हे १८०६ मध्ये उघडलेले वर्गणीदारांचे वाचनालय. थिसॉरस म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश रचणारा पीटर मार्क रॉजे त्याचा पहिला चिटणीस. पुढे वाचनालय वरच्या मजल्यावर आवरते घेतले गेले. तळमजला आधी बँकेला आणि नंतर एका पबला मिळाला. एलिझाबेथ गॅस्केल या कादंबरीकर्तीचे पती विल्यम इथे अनेक वर्षे अध्यक्ष होते. बायकांना सभासदत्व नव्हते, म्हणून एलिझाबेथबाई नवऱ्याच्या नावावर पुस्तके मागवीत. प्लिमथ ग्रोव्हवरचे त्यांचे घर २०१४ पासून लोकांना पाहायला खुले आहे. पाहुणी म्हणून आलेली कादंबरीकार शार्लट ब्राँटी अनोळखी माणसे येताच याच घरातल्या पडद्यामागे लपली होती.

जॉन रायलंड्स ग्रंथालय गिरणीमालक रायलंड्स यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नी एन्रिकेता यांनी बांधवले. १९०० च्या पहिल्याच दिवशी ते वाचकांना खुले झाले. चर्चसारख्या या दगडी वास्तूत बाईंनी गॅस नको, विजेचेच दिवे हवेत असा आग्रह धरला, कारण गॅसच्या दिव्यांची काजळी आणि धूर पुस्तकांना घातक. तेव्हा वीज ही नवलाईच होती. बायबलमधल्या नव्या कराराचा सर्वांत जुना मानला जाणारा पपायरसचा (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचा) तुकडा इथेच आहे. आकाराने तो जेमतेम तळहाताएवढा.

मँचेस्टर साहित्य महोत्सव २००६ पासून ऑक्टोबरच्या सुमारास भरतो. आपल्या संमेलनासारखा मांडव, ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण असे काही नसते. कार्यक्रम शहरभर विखुरलेले, तिकीट काढून ऐकायचे. बाराही महिने वाचने-मुलाखती रंगतात त्यांतले एक ठिकाण म्हणजे कादंबरीकार अँथनी बर्जेस याच्या नावाचे प्रतिष्ठान. केंब्रिज स्ट्रीटवरच्या चॉर्ल्टन मिल या जुन्या सूतगिरणीचे इंजिनघर हाच त्याचा पत्ता.