आर्मी चीफ आणि आर्मी कमांडर: ७१ ला नक्की कोण काय करत होतं?

१६ डिसेंबर आला की १९७१ च्या युद्धातल्या पाकिस्तानच्या शरणागतीचा तो फोटो फिरायला लागतो आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं, "मानेकशॉंपुढे पाकिस्तानने शस्त्रं टाकली". अहो फोटोत मानेकशॉ नाहीतच! ढाक्याच्या रेसकोर्सवर टेबलाशी वाकून सही करतोय तो पूर्व पाकिस्तानातल्या फौजेचा प्रमुख नियाझी, शेजारी पगडीवाले बसलेत ते आपल्या पूर्व कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा, आणि लष्करप्रमुख मानेकशॉ तेव्हा दिल्लीत. शरणागतीच्या कागदावरही नाव अरोरांचंच आहे.

घोळ होतो तो पदांचा. आर्मी चीफ म्हणजे अख्ख्या लष्कराचा प्रमुख, रँक जनरल. आर्मी कमांडर म्हणजे एका कमांडचा, म्हणजे लष्कराच्या एका प्रादेशिक विभागाचा प्रमुख, कागदोपत्री जीओसी-इन-सी (जनरल ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ), रँक लेफ्टनंट जनरल. लेफ्टनंट जनरलच्या खांद्यावर अशोकस्तंभ आणि खाली तलवार-बॅटनची फुली असते, जनरलला त्यात एक तारा जास्त, बस. लांबून बघणाऱ्याला काय कळणार. त्यात १९५५ पर्यंत लष्करप्रमुखालाच कमांडर-इन-चीफ म्हणायचे, म्हणजे गोंधळात भर.

काम मात्र पूर्ण वेगळं. चीफ सरकारला सांगतो की लढाई कधी परवडेल आणि कधी नाही. एप्रिल ७१ मध्ये इंदिराजींना लगेच कारवाई हवी होती आणि आपण आत्ता नको म्हणालो, हा किस्सा मानेकशॉ स्वतः रंगवून सांगायचे, मीठमसाला थोडा सोडून द्या पण मुद्दा खराच होता, पावसाळ्यात पूर्व बंगालमध्ये नद्या फुगणार, रणगाडे रुतणार, आणि हिवाळा आला की उत्तरेच्या खिंडी बर्फाने बंद होऊन चीनची काळजी कमी होणार. कुठल्या आघाडीला किती डिव्हिजन (हजारो जवानांच्या मोठ्या तुकड्या) द्यायच्या, चीन सीमेवरून किती सैन्य काढायचं, ही डोकेदुखी दिल्लीची.

एकदा सैन्य वाटून दिलं की ते चालवायचं आर्मी कमांडरने. अरोरा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये, हाताखाली पश्चिमेकडून रैना, वायव्येकडून थापन, त्रिपुराच्या बाजूने सगतसिंग असे तीन कोअर कमांडर (कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेली फौज), शिवाय मेघालयाकडून उतरणारी १०१ कम्युनिकेशन झोनची फौज. सगतसिंग यांनी मेघना नदीवरचा पूल पाकिस्तान्यांनी उडवल्यावर हेलिकॉप्टरने जवान पलीकडे टाकले, त्यामुळे माझ्या मते ढाक्यापर्यंत वेगाने पोचण्याचं श्रेय अरोरांच्याही खाली एक पायरी जातं, पण ते भांडण वेगळं.

आणि हो, जेकब! ते पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ, मेजर जनरल. नावात चीफ आहे म्हणून लोक त्यांनाही लष्करप्रमुख करून टाकतात. ते अरोरांचे स्टाफ ऑफिसर होते, शरणागतीचा मसुदा घेऊन आधी ढाक्याला जाऊन नियाझीला पटवलं ते त्यांनी.

चीफ आणि कमांडर यांचं नेहमी जुळतंच असं नाही. ६५ च्या पाकिस्तान युद्धात चीफ चौधरी यांनी पंजाबात बियास नदीच्या मागे हटायला सांगितलं आणि पश्चिमेचे कमांडर हरबक्षसिंग यांनी साफ नकार दिला, असं हरबक्षसिंगच सांगून गेलेत. तोंडी हुकमावर मागे जाणार नाही, लेखी द्या, अशी त्यांची भूमिका. जागेवर कमांडर असतो, त्यामुळे त्याच्या नाही ला वजन असतं.

करिअरच्या हिशोबाने आर्मी कमांडर ही चीफच्या आधीची पायरी, पण बहुतेकांसाठी शेवटचीच. मानेकशॉ १९६४ ते ६९ पूर्वेलाच होते, ते चीफ झाले आणि त्यांची खुर्ची अरोरांना मिळाली. पुढे मानेकशॉ जानेवारी १९७३ मध्ये फील्ड मार्शल झाले, अरोरांना पद्मभूषण मिळालं पण १९७३ मध्येच ते लेफ्टनंट जनरल म्हणूनच रिटायर झाले. चीफ झाले गोपाळ गुरुनाथ बेवूर, ७१ ला पुण्याच्या दक्षिण कमांडचे प्रमुख, राजस्थानची आघाडी त्यांच्याकडे होती. मग बेवूरांना मुदतवाढ मिळाली आणि रांगेतले पुढचे प्रेमिंद्रसिंग भगत, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी, ते तोवर निवृत्तीचं वय झाल्याने चीफ न होताच निवृत्त झाले, म्हणजे या पायरीवर पराक्रमाइतकीच जन्मतारीखही बघावी लागते.