ठोक्यांनी कणखर झालेले तांबे

नाशिकच्या भांडीबाजारात "ठोक्यांची नक्षी नको, साधाच हंडा दाखवा," असे एक गिऱ्हाईक म्हणताना मी नुकतेच ऐकले. मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोड्याने ठोके घालणे, केवळ शोभेसाठी असते, हा समज फार पसरलेला आहे. वास्तविक पातळ पत्र्याच्या हंड्याला पाण्याचा भार पेलण्याचे बळ त्या ठोक्यांतूनच येते.

तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर केल्व्हिन आहे, तर भांड्यांच्या स्टेनलेस स्टीलची जेमतेम १६. शुद्ध तांब्यात अणूंची मांडणी एकसारखी असल्याने मुक्त इलेक्ट्रॉन फारसे न अडखळता उष्णता वाहून नेतात. स्टीलमध्ये लोखंडात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल मिसळलेले असल्यामुळे ते पदोपदी विखुरतात. मात्र हीच सरमिसळ स्टीलला कणखरही करते.

धातू वाकतो तेव्हा अणूंचा अख्खा थर एकदम घसरत नाही. जाजमाची सुरकुती पुढे ढकलत न्यावी, तशी रचनेतील एखादी अर्धवट ओळ, म्हणजे डिसलोकेशन, सरकत जाते. नरम तांब्यात ती सहज सरकते. हातोडा पडला की अशा ओळी हजारो पटींनी वाढून एकमेकींत अडकतात. म्हणून ७० मेगापास्कलच्या आसपासच्या ताणाला कायमचे वाकणारे तांबे भरपूर ठोकल्यावर ३०० मेगापास्कललाही दाद देत नाही. आणि मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की या बदल्यात वाहकता दोन-तीन टक्केच घटते, कारण विस्कटलेले अणू त्या ओळींपुरतेच असतात. ३० टक्के जस्त मिसळून पितळ केले, तर मात्र ती १२० पर्यंत उतरते.

तांब्याच्या पृष्ठभागावर अनेक जिवाणू मरतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. पण त्यावरून तांब्यातले पाणी मधुमेह बरा करते असे सांगणे निराधार आहे.

अति ठोकलेला पत्रा तडकतो, म्हणून तांबट तो मध्येच लालसर तापवतो आणि अणूंची घडी पुन्हा बसते. असे तापलेले तांबे पाण्यात बुडवले तरी पोलादासारखे कडक होत नाही. शेवटच्या मठारणीनंतर मात्र भांडे पुन्हा भट्टीत जात नाही. बंबात पाणी असेपर्यंत पाण्याला लागलेला पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही आणि ठोक्यांचे बळ टिकते; रिकाम्या बंबात जाळ केला, तर पत्रा दोन-तीनशे अंशांपलीकडे जाऊन नरम पडतो.