चिंता, दैनंदिन

पुढे घडू शकेल, पण अजून घडलेले नाही, अशा गोष्टीविषयी मनात वारंवार उठणारी अस्वस्थता. भीतीचा विषय समोर उभा असतो. चिंतेचा विषय पुढच्या हप्त्यात, निकालात, मुलीच्या स्थळात किंवा न आलेल्या फोनमध्ये असतो. छातीतील धडधड, आखडलेली मान, पोटातला गोळा, उडालेली झोप ही लक्षणे सर्वपरिचित आहेत. ती बहुतेक दिवस, सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकून नित्य व्यवहार अडवू लागली, तर सार्वत्रिक चिंताविकृतीचा विचार करावा लागतो. प्रस्तुत नोंद त्या सीमेच्या अलीकडील घरगुती काळजीपुरती असून उदाहरणे गोव्यातील आहेत.

कारणमीमांसा : चिंता नेमकी कशाने चेतवली जाते, याविषयी एकमत नाही. फ्रॉइडने आरंभी तिला दडपलेल्या कामप्रेरणेचे रूपांतर मानले होते. १९२६ मध्ये त्याने हे मत बदलले आणि येऊ घातलेल्या धोक्याची अहंला (मनाच्या वास्तवाचे भान ठेवणाऱ्या भागाला) मिळणारी सूचना, असा तिचा अर्थ लावला. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझरस यांनी १९६६ मध्ये भर दिला तो मूल्यमापनावर : प्रसंग एकच असतो, पण ‘यात माझे काय जाईल?’ आणि ‘मला हे पेलेल का?’ या दोन प्रश्नांची उत्तरे माणसागणिक वेगळी येतात. थॉमस बोर्कोव्हेक व त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये काळजीची व्याख्या आवरता न येणारी, नकोशा भावनेने भारलेली विचारांची साखळी अशी केली. बोर्कोव्हेक यांच्या पुढील मांडणीनुसार काळजी मुख्यतः शब्दांत चालते. भयंकर चित्रे डोळ्यांसमोर येण्यापेक्षा शब्दांत घोळत राहणे शरीराला सोपे जाते, म्हणून ही सवय सुटत नाही. शिवाय ज्याची काळजी केली ते बहुधा घडतच नाही. त्यामुळे काळजी केली म्हणूनच ते टळले, असाही समज पक्का होतो.

कॅनडातील क्विबेक प्रांतातील संशोधकांनी (मिशेल ड्युगा व इतर) १९९० च्या दशकात वेगळा मुद्दा पुढे आणला. धोका किती मोठा आहे यापेक्षा अनिश्चितता किती सोसवते, यावर काळजी अवलंबून असते. या मताला पूरक असा प्रयोग २०१६ मध्ये लंडनमध्ये झाला. विजेचा सौम्य धक्का बसण्याची शक्यता निम्मी असताना सहभागी व्यक्तींवर सर्वाधिक ताण आढळला. धक्का नक्की बसणार हे ठाऊक असताना तो कमी होता. आधीची मते आणि हे अनिश्चिततेचे मत परस्परांना छेद देत नाहीत. मात्र पुढील स्थानिक सामग्री अनिश्चिततेच्या मताकडे अधिक झुकते.

गोव्यातील प्रसंग : राज्यातील लोहखनिजाचे उत्खनन सप्टेंबर २०१२ मध्ये थांबले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी उठवली आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्टे रद्द ठरवले. मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा बंद पडले. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत कर्ज काढून ट्रक घेतलेले मालक, बार्जवाले, गॅरेजवाले यांच्यावर एकाच वेळी आघात झाला. पण पिळवटून टाकणारी बाब उत्पन्न बुडण्याइतकीच ‘खाणी परत कधी सुरू होणार?’ ही होती. कायमची बंदी म्हटली असती, तर ट्रक विकण्याचा निर्णय घेता आला असता. आशा शिल्लक असल्याने तोही घेता येईना.

याउलट यांत्रिक मासेमारीवरील पावसाळी बंदी (१ जून ते ३१ जुलै) मिळकत थांबवते, पण तिची तारीख ठरलेली असते. पावसाळ्यापूर्वी सुके मासे, मीठ, मिरची, तांदूळ, आमसुले यांचे पुरुमेत भरण्याची रीत या ठरलेपणावरच उभी आहे. बोटीवर नोकरी करणाऱ्या तार्वटींच्या घरी मात्र करार संपण्याची तारीख कळूनही निर्धास्तपणा नसतो. २०२० च्या टाळेबंदीत करार संपलेले अनेकजण बोटींवरच अडकून पडले होते.

कौल प्रसाद : अनिश्चितता संपवण्याचे गोव्यातील जुने साधन. देवाच्या मूर्तीला किंवा लिंगाला ठरावीक जागी ओल्या पाकळ्या किंवा कळ्या लावतात, पुजारी गाऱ्हाणे घालतो आणि कोणती पाकळी आधी पडते यावरून उत्तर समजतात. उजवा कौल सामान्यतः अनुकूल मानतात. कोणते फूल, किती पाकळ्या आणि कुठल्या अंगावर, हे देवस्थानागणिक बदलते. प्रश्न हो-नाही अशा उत्तराचा असावा लागतो, ही बाब मानसशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाची : मोघम काळजी घेऊन आलेल्याला ती एका प्रश्नात बसवावी लागते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलामुळे अनेक दैवते अंत्रुज महालात (फोंडा) हलली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली. कौलाची प्रथा त्या स्थलांतरानंतरची असावी असे म्हणता येईल. परंतु सिंधुदुर्गात व कर्नाटकच्या किनाऱ्यावरही तिचे रूप आढळत असल्याने ती त्याआधीची असण्याचा संभव अधिक वाटतो. कौल डावा आला तरी भाविक बहुधा हलका होऊन परततो, कारण पुढे काय करायचे हे ठरलेले असते.

अपेक्षेच्या बळाचा विचार एका गोमंतकीयाने वेगळ्या संदर्भात केला होता : कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेल्या आबे फारिया यांनी संमोहनाचे कारण संमोहकाच्या अंगच्या शक्तीत न शोधता संमोहित व्यक्तीच्या मनात शोधले.

उपचार : सरकारी मनोविकार रुग्णालय बांबोळी येथे आहे. पण ‘टेन्शन’ची तक्रार घेऊन लोक आधी गावच्या आरोग्य केंद्रातच जातात, तीही बहुधा अंगदुखी किंवा थकवा सांगत. हे लक्षात घेऊन ‘संगाथ’ या संस्थेने (स्थापना १९९६) विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली ‘मानस’ हा प्रयोग १२ सरकारी व १२ खासगी दवाखान्यांत केला. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या, पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य व चिंतेच्या रुग्णांशी बोलावे, श्वसनाचे व्यायाम शिकवावेत, गरज भासल्यास पुढची पायरी गाठावी, अशी त्याची रचना होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक आढळला नाही. तेथे डॉक्टर आणि घर यांची जुनी ओळख असते, हे त्याचे एक कारण असू शकेल.