फेविक्विक होतं की प्लास्टिक सिमेंट? आधी एवढं बघा

प्लास्टिकच्या मॉडेल किटमधून जोडत असलेल्या विमानाचा पंख वाकडा चिकटला, कॉकपिटच्या काचेवर पांढरट थर आला, बॉडीवर बोटाचा ठसा वितळून उमटला, चूक कुठलीही असू द्या, बहुतेक जण घाबरून पहिले कपडा घेतात अन् पुसतात, आणि खरा सत्यानाश तिथंच होतो. पुसायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, कोणता ग्लू लावला होता? कारण दोन्ही ग्लूंची केमिस्ट्री एकदम वेगळी आहे आणि एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही.

बहुतेक किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. प्लास्टिक सिमेंट याला चिकटवत नाही, विरघळवतं. त्यात अ‍ॅसिटोन, ब्युटिल अ‍ॅसिटेट असले सॉल्व्हंट असतात, ते प्लास्टिकच्या रेणूंच्या लांबलांब साखळ्यांमध्ये घुसून त्यांना मोकळं करतात, मग दोन्ही तुकड्यांच्या साखळ्या एकमेकींत शिरतात, सॉल्व्हंट उडून जातं आणि मागं एकच सलग प्लास्टिक उरतं. म्हणजे हे वेल्डिंगच झालं. म्हणून जोड ओला असेपर्यंतच खेळ आहे. चुकीचा लागला असं दिसलं की त्याच सांध्यावर ब्रशने पातळ सिमेंट पुन्हा फिरवा, थोडं थांबा, आणि पातळ ब्लेड किंवा शिवायचा दोरा आत सरकवत हळूहळू सोडवा. ग्लू काढायला अजून ग्लू, ऐकायला उलटंच वाटतं पण साखळ्या परत मोकळ्या करायच्या तर दुसरं काय करणार! दोन-तीन दिवस होऊन गेले असतील तर मात्र ते सुटणार नाही, बारीक दातांच्या करवतीने सांध्यावरूनच कापायचं आणि करवतीनं खाल्लेली जागा पातळ प्लास्टिक शीटने भरायची.

ठसा उमटला असेल तर हात लावू नका. खरंच, काहीच करू नका. वरून कोरडं वाटलं तरी आतलं प्लास्टिक अजून मऊ अन् फुगलेलं असतं, सॉल्व्हंटला बाहेर यायला वेळ लागतो. अ‍ॅसिटोन 56 अंशाला उकळतं, ब्युटिल अ‍ॅसिटेट 126 ला, त्यामुळे पहिलं पटकन उडतं आणि दुसरं आत रेंगाळतं. दुसऱ्याच दिवशी घासून गुळगुळीत केलं, रंगही मारला, आणि महिन्याभराने त्याच जागी बारीक खड्डा दिसायला लागला तर ते याच्यामुळं, राहिलेलं सॉल्व्हंट नंतर उडालं आणि प्लास्टिक खाली बसलं. किमान दोन-तीन दिवस द्या, आठवडा दिला तर उत्तम. मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासत 600, 1000, 2000 असं वर जायचं.

आता फेविक्विक. हा सायनोअ‍ॅक्रिलेट नावाच्या रसायनाचा ग्लू. 1942 मध्ये अमेरिकेत कोडॅकच्या हॅरी कूव्हर यांच्या टीमला बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हा सापडला, सगळ्यालाच चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला ठेवला आणि 1958 मध्ये ग्लू म्हणून बाजारात आला. हा पॉलिस्टायरीनला विरघळवत बसत नाही, हवेतली अन् पृष्ठभागावरची ओल मिळाली की स्वतःच प्लास्टिक बनतो. हे प्लास्टिक कडक पण ठिसूळ, सरळ ओढलं तर दाद देत नाही, पण कडेने पिळलं किंवा झटका दिला तर तडकतं. गार झालं की अजून ठिसूळ, म्हणून तुकडा पिशवीत घालून काही तास फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि काढल्या काढल्या सांध्यात ब्लेडचं टोक घालून हलकंसं पिळायचं. दरवेळी सुटेलच असं नाही, पण आधी हेच करून बघा. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको! त्यात बहुतेक वेळा अ‍ॅसिटोन असतं, ते फेविक्विकच्या आधी तुमचं विमानच खाईल.

आपल्या नागपुरात याला अजून एक फाटा आहे. मे महिन्यात पारा 45 कडे जातो, हवा कोरडी ठक्क, त्यामुळे सिमेंट ब्रशवरून सांध्यापर्यंत पोचायच्या आधीच वाळतं आणि फेविक्विक उलट सुस्त होतो कारण त्याला ओल मिळत नाही. मग माणूस काय करतो, कूलर लावतो, अन् खोलीत खसच्या ताट्यांमधून ओली हवा भरते. फेविक्विकची जी वाफ उडते ती या ओलीत घट्ट होऊन पांढरी पूड बनून काचेवर बसते, आणि सगळ्यात जास्त कुठं? जिथं तुमच्या बोटाचा तेल-घाम लागलाय तिथं. गुन्ह्याच्या जागेवरचे ठसे उठवायला पोलीस हीच वाफ वापरतात, म्हणजे बघा. ग्लूचं काम असलं की कूलर बंद करा, दुसरी खिडकी उघडा भाऊ. वासामुळं ती तशीही उघडीच पाहिजे.

काचेवरचा हा पांढरेपणा आतपर्यंत गेलेला नसतो, वरवरचा असतो. 2000 च्या पेपरने ओलं घासा, मग साधी पांढरी टूथपेस्ट मऊ कापडावर घेऊन गोल गोल, जेल टूथपेस्ट नको. तरी धूसर वाटली तर पातळ अ‍ॅक्रिलिक क्लिअर व्हार्निशचा एक हात द्या. ओरखड्यात हवा असते म्हणून प्रकाश विखुरतो, पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक (म्हणजे प्रकाश किती वळवतो तो आकडा) 1.59 आणि हवेचा जवळपास 1, व्हार्निशचा 1.49 च्या आसपास, दरी कमी झाली की ओरखडा डोळ्याला दिसेनासा होतो. पुढच्या वेळी काच लावायला सरळ फेविकॉल घ्या, वाफ नाही, आणि बाहेर आला तर ओल्या कापसाने निघतो.

कापूस मात्र फक्त फेविकॉललाच बरं का. कापसावर फेविक्विक सांडला तर रिअ‍ॅक्शन इतक्या जोरात होते की धूर निघतो, बोट भाजतं. बोटं एकमेकांना चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू सोडवा, आणि डोळ्यात गेला तर घरी काहीच प्रयोग न करता पाणी मारत सरळ डॉक्टर.