फ्रिंज पळतेय? स्क्रूला हात लावण्याआधी हे वाचा

मायकेल्सन इंटरफेरोमीटर म्हणजे लेझरचा किरण दोन वाटांनी (भुजांनी) पाठवून, आरशांवरून परत आणून एकत्र करणारं उपकरण; एकत्र आल्यावर दिसणारे उजळ-काळे पट्टे म्हणजे फ्रिंज. ते आमच्याकडून घेतलेल्या कॉलेजांकडून ठरलेला फोन येतो: "फ्रिंज एका जागी थांबत नाही, आरशाचं माउंट सैल आहे, बदलून द्या." माउंट परत येतं, आम्ही तपासतो, आणि ते बहुधा ठणठणीत निघतं. तुमचं प्रॅक्टिकल मात्र तेवढे दिवस अडतं.

हीलियम-निऑन लेझरची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर. किरण आरशापर्यंत जाऊन परत येतो, म्हणजे आरसा जेमतेम 316 नॅनोमीटर सरकला की एक अख्खी फ्रिंज पुढे जाते. एवढ्यासाठी काही सैल असावं लागत नाही.

आधी फ्रिंज कशी पळते ते बघा. जागच्या जागी थरथरून पुसट होत असेल तर कंपन: व्हॅक्यूम पंप, ए.सी.चा कंप्रेसर किंवा त्याच टेबलावर ठेवलेला, आत पंखा असलेला पॉवर सप्लाय. मागेपुढे, मनाला येईल तशी डुलत असेल तर हवा. एकाच दिशेला संथ सरकत असेल तर तापमान. स्क्रू फिरवणं हा यांतल्या कशावरच उपाय नाही.

तरी तो फिरवला जातोच. फ्रिंज सरकली की स्क्रू, पुन्हा सरकली की पुन्हा स्क्रू. बोटांची ऊब माउंटमध्ये उतरते, अ‍ॅल्युमिनियम फुगतं, हात काढला की आक्रसतं. किरणाच्या दिशेतलं 5 सेंटिमीटर अ‍ॅल्युमिनियम 1 अंशाने तापलं तर 1.15 मायक्रोमीटरने वाढतं. जाऊन-येऊन साडेतीनहून जास्त फ्रिंज झाल्या. म्हणजे ज्या सरकण्याच्या मागे विद्यार्थी लागलेला असतो, ते त्याच्याच बोटांनी घडवलेलं असतं.

म्हणून जुळवणी झाली की हात काढा, झाकण घाला आणि अर्धा तास उपकरणाकडे फिरकू नका. लेझरही तोवर स्थिरावतो. नळी तापताना लांबते आणि मोड (लेझरच्या प्रकाशाच्या ठरावीक वारंवारता) सरकतात. भुजा असमान असतील तर तेही फ्रिंजमध्ये उमटतं. भुजा पट्टीने मोजून 2 मिलिमीटरच्या आत समान करा. याला खर्च शून्य, आणि बेसप्लेटचं प्रसरणही बरंचसं आपोआप वजा होतं.

"अ‍ॅक्रिलिकचं झाकण नको, तेवढे पैसे कमी करा," असंही सांगितलं जातं. आम्ही करत नाही. झाकण काढून एका भुजेखाली तळहात धरा. कशालाही स्पर्श न होता पट्टे वळवळू लागतील. 20 सेंटिमीटर भुजेतली हवा 1 अंशाने तापली तरी अर्ध्याहून जास्त फ्रिंज सरकते. हिंगोलीत होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रचंड इंटरफेरोमीटरमध्ये 4 किलोमीटरच्या भुजा निर्वात नळ्यांतून जाणार आहेत, त्यामागे हवेचा हा त्रासही आहेच. आपल्याला झाकणावर भागतं.

कंपनासाठी महागडं टेबल घ्यायलाच हवं असं नाही. 60 बाय 90 सेंटिमीटरचा, 40 मिलिमीटर जाड कडप्पा (वजन 55–60 किलो, उचलायला चौघं लागतात) स्कूटरच्या ट्यूबांवर ठेवा. ट्यूब गच्च भरू नका; कडप्पा हलकेच ढकलला तर संथ डुलला पाहिजे. डिटेक्टरची केबल ताणलेली नको, सैल वेटोळं घालून कडप्प्याला चिकटपट्टीने धरा, नाहीतर कंपन केबलवाटे वर चढतं.

फेज लॉक (फ्रिंज आपोआप एका जागी धरून ठेवणं) हवा असेल तर आमच्याकडे पिझोवरचा (व्होल्टेज दिलं की किंचित लांबणाऱ्या तुकड्यावरचा) आरसा आणि कंट्रोलर आहे. पण वरचं सगळं आधी करा. पिझोची धाव काही मायक्रोमीटरचीच असते. तापमानाने फ्रिंज सरकतच राहिली तर तो टोकाला जाऊन टेकतो आणि लॉक सुटतो. लॉक फ्रिंजच्या माथ्यावर नको, उतारावर ठेवा. माथ्यावर सिग्नल कमी झाला तरी कुठल्या बाजूला घसरलो ते कळत नाही. लेझरची तीव्रता वरखाली होत असेल तर इंटरफेरोमीटरमधून बाहेर पडणारे दोन्ही किरण (आउटपुट) घेऊन त्यांची वजाबाकी वापरा.

एवढं करूनही फ्रिंज पळत असेल तर झाकण लावून, टेबलाला कोणीही न टेकता 2 मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवा. त्यात फ्रिंज सरकण्याऐवजी मध्येच उडी मारताना दिसली, तर माउंटची स्प्रिंग तपासायला हवी. ती खराब निघाली तर वॉरंटीत बदलून देऊ.