मोठा सर्व्हर घेण्याआधी : पोस्टग्रेस वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘डेटाबेस स्लो झालाय, रॅम वाढवू का?’ असा फोन आम्हाला बहुतेक वेळा महिनाअखेरीला येतो. आमचं उत्तर ठरलेलं आहे : आधी वेळ कोण खातंय ते बघू. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरसोबतच मिळणारं ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन ते सांगतं. त्यात यादी एकूण वेळेनुसार लावा. दिवसातून एकदा दहा सेकंद घेणारा रिपोर्ट सगळ्यांच्या डोळ्यावर येतो, पण खरा भार बऱ्याचदा लाखो वेळा चालणाऱ्या वीस मिलिसेकंदांच्या क्वेरीचा (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेचा) असतो.

क्वेरी सापडली की ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ लावून तिचा प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती कोणत्या पायऱ्यांनी चालवतो ते, बघायचा. (यात क्वेरी खरोखर चालते. डिलीटवर लावलंत तर ओळी खरंच जातील, तेव्हा आधी ‘बिगिन’, नंतर बदल मागे घेणारं ‘रोलबॅक’.) नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे तारखेवर इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) आहे, पण एप्रिलची बिलं काढताना क्वेरी प्रत्येक तारखेतून आधी महिना वेगळा काढते आणि मग तुलना करते. तिथे साधा इंडेक्स कामाला येत नाही, अख्खं टेबल वाचलं जातं. ‘1 एप्रिलपासून, 1 मेच्या आधी’ अशी अट घातली की तोच इंडेक्स वापरता येतो. खर्च शून्य.

सगळ्यात दुर्लक्षित विषय व्हॅक्यूमचा, म्हणजे टेबलांच्या सफाईचा. ओळ अपडेट केली तरी तिची जुनी प्रत (मृत ओळ) टेबलातच पडून राहते. ती साफ करण्याचं काम ऑटोव्हॅक्यूमचं. मूळ सेटिंगप्रमाणे साधारण 20 टक्के ओळी मृत झाल्या की तो कामाला लागतो. दहा हजार ओळींच्या टेबलाला हे चालून जातं, पण 50 कोटींच्या टेबलात तोवर 10 कोटी मृत ओळी साचतात! अशा टेबलांपुरतं हे प्रमाण आम्ही 1 टक्क्यापर्यंत खाली आणतो. काही जण लोड येतो म्हणून ऑटोव्हॅक्यूम बंदच करतात. कृपया करू नका. प्रत्येक व्यवहाराला मिळणारे क्रमांक 32 बिटांचे, म्हणजे मर्यादित असल्याने ते संपत आले की जुने मोकळे करण्यासाठी पोस्टग्रेस ऑटोव्हॅक्यूम स्वतःहून सुरू करतोच, आणि मग साचलेलं सगळं काम ऐन गर्दीत अंगावर येतं.

‘वर्क मेम’, म्हणजे सॉर्टसारख्या (क्रम लावण्याच्या) प्रत्येक कामाला वापरता येणारी मेमरी, मुळात 4 एमबी असते. ती सरसकट 256 एमबी केली आणि 200 कनेक्शन्स एकाच वेळी सॉर्ट करू लागली, तर 50 जीबी गेली. एका क्वेरीत दोन-तीन सॉर्ट असतील तर त्याहून जास्त. जड रिपोर्टच्या सेशनपुरतीच ती वाढवावी.

जुना डेटा काढायचा असेल तर टेबलाची महिनावार पार्टिशन्स (वेगळे तुकडे) पाडा. 2017 मधल्या 10 व्या आवृत्तीपासून ही सोय अंगभूत आहे. कोट्यवधी ओळी डिलीट करत बसण्यापेक्षा एक पार्टिशन काढून टाकणं क्षणाचं काम. मात्र क्वेरीत तारखेची अटच नसेल, तर सगळी पार्टिशन्स चाळली जातात.

आम्ही तपासणीला येण्याआधी ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन सुरू करून ठेवा. त्यासाठी डेटाबेस एकदा रीस्टार्ट करावा लागतो, म्हणून रात्रीची वेळ बघा. मग निदान आठवडाभराची आकडेवारी हाताशी येईल.